हजेरीपटावरचें नांव

गिरणीचा भोंगा हें परळ-लालबागच्या वस्तीचें घड्याळ होतें. सकाळचा भोंगा झाला कीं डिलाईल रोडपासून काळाचौकीपर्यंतच्या चाळींतून माणसांचा लोंढा बाहेर पडे आणि प्रत्येक गिरणीच्या दरवाज्यापाशीं त्याचे दोन भाग होत. ज्यांचें नांव हजेरीपटावर कायम लागलेलें असे ते आपलें तिकीट घेऊन आंत जात. ज्यांचें नांव तसें लागलेलें नसे ते दरवाज्याबाहेर उभे राहत. कोणी आजारी पडला असेल, कोणी गांवीं गेला असेल, तर त्याच्या जागीं आजच्या दिवसापुरतें काम मिळेल, ह्या आशेवर ते थांबलेले असत. गिरणीच्या भाषेंत ह्या माणसाला ‘बदली’ म्हणत. काम मिळालें नाहीं तर तो घरीं परत जाई आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच जागीं येऊन उभा राही.

मुंबईच्या कापडधंद्यावर सव्वाशें-दीडशें वर्षांत अनेक संकटें आलीं आणि प्रत्येक संकटांत हजारों माणसांचें काम गेलें. काम गेलेल्या माणसानें पुढें काय करावें, हा प्रश्न प्रत्येक वेळीं उभा राहिला. परंतु त्याचें उत्तर सर्वांना सारखें कधींच मिळालें नाहीं. माणसाचें कसब किती, त्याची गरज किती, ह्यापेक्षां त्याचें नांव हजेरीपटावर होतें कीं नव्हतें, ह्यावरच तें उत्तर बहुधा अवलंबून राहिलें. गिरणगांवचा इतिहास ह्या एका कागदाच्या अनुरोधानें पाहिला तर बेकारीच्या प्रश्नाचें एक अंग स्पष्ट होतें.

कावसजी नानाभाई दावर ह्यांनीं १८५४ सालीं ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली आणि ताडदेवास तिची गिरणी उभी राहिली. पुढील पन्नास वर्षांत धुराड्यांची रांग भायखळा, परळ, लालबाग ओलांडून दादरपर्यंत गेली. रत्नागिरी, सातारा, पुणें, कोल्हापूर ह्या भागांतून माणसें कामासाठीं येऊं लागलीं. गिरगांवांत राहणाऱ्या कारकुनाची नोकरी सुटली तर तो दुसऱ्या कचेरीकडे अर्ज लिहूं शके. गिरणींतल्या कामगाराला तसा अर्ज लिहावयाचा नव्हता. त्याला मुकादम गांठावा लागे. गिरणींत त्याला ‘जॉबर’ असें नांव होतें, आणि बायकांच्या खात्यांत हेंच काम नाईकीण करी. माणूस भरावयाचा, त्याला काम शिकवावयाचें, रजा द्यावयाची आणि काढून टाकावयाचें, हे सर्व अधिकार व्यवहारांत मुकादमाचे होते. त्याबद्दल त्याला दस्तुरी द्यावी लागे आणि अडीअडचणीस कर्जहि पुष्कळदां त्याच्याकडूनच मिळे.

ही पद्धति जुलमाची होती ह्यांत शंका नाहीं. तथापि काम सुटलेल्या माणसाला तिचाच आधार होता. मुकादम बहुधा आपल्याच तालुक्यांतला, कधीं आपल्याच गांवचा असे. एका गिरणींत काम सुटलें तर त्याच्या किंवा भाऊबंदांच्या ओळखीनें शेजारच्या गिरणींत शिरकाव होई. तोंपर्यंत गांवकऱ्यांनीं मिळून भाड्यानें घेतलेल्या खोलींत पथारी टाकावयास जागा मिळे. कोपऱ्यावरचा वाणी महिनाभर उधार देई. तेंहि न साधलें तर भाऊच्या धक्क्यावरून बोटीनें कोंकणांत जावें, भाताची लावणी उरकावी आणि पावसाळ्यानंतर परत यावें, हा मार्ग होता. १८९६ सालीं प्लेग आला आणि मुंबई ओस पडूं लागली, तेव्हां तर उलटाच प्रकार झाला. माणसें गांवीं पळालीं, गिरण्यांना हात मिळेनात, आणि एरवीं महिन्याचा पगार थकवून ठेवणारे मालक रोजच्या रोज मजुरी देऊन एकमेकांचे कामगार पळवूं लागले. सांथ ओसरली आणि कामगाराला आलेला हा भावहि ओसरला.

गिरणीच्या यंत्राला माणसाची वाट पाहणें परवडत नाहीं. रोज कांहीं माणसें गैरहजर राहणार हें धरून चालकांना गरजेहून अधिक माणसें हाताशीं ठेवावीं लागत. ह्या जादा माणसांचा खर्च मात्र गिरणी सोशीत नसे. काम नसेल त्या दिवशीं बदलीनें उपाशी राहावें आणि काम असेल त्या दिवशीं त्यानें हजर असावें, अशी ती व्यवस्था होती. व्हिटले ह्यांच्या अध्यक्षतेखालील मजूर कमिशननें १९३१ सालीं मुकादमाच्या हातांतून नोकरभरती काढून घ्यावी अशी शिफारस केली. १९३५ सालीं मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघानें बदल्यांसाठीं नवी पद्धत सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक माणसांना कार्डें द्यावयाचीं, त्यांनीं रोज सकाळीं हजर राहावयाचें आणि रिकाम्या जागा त्यांच्यांतूनच भरावयाच्या, अशी ती योजना होती. त्यामुळें मुकादमाच्या लहरीस थोडा आळा बसला. परंतु ज्यांना कार्ड मिळालें नाहीं त्यांना दरवाज्यापाशीं उभें राहण्यांतहि अर्थ उरला नाहीं. कायम कामगारांच्या पटाखालीं आतां बदल्यांचाहि एक पट तयार झाला होता.

ह्या काळांत धंद्याचीच स्थिति बिकट झाली होती. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी संपली, चीनची सुताची बाजारपेठ जपाननें घेतली, आणि अहमदाबाद-सोलापूरच्या गिरण्या स्वस्त माल काढूं लागल्या. मुंबईच्या मालकांनीं ह्यावर शोधलेला उपाय म्हणजे ‘रॅशनलायझेशन’, अर्थात् कमी माणसांकडून तितकेंच काम. विणकर दोन माग चालवी. त्यानें तीन चालवावे असें ठरलें. सहा मागांवर तीन विणकर लागत ते आतां दोन पुरतील, असा हा हिशेब होता. दर तिघांमागें एक माणूस त्यांत वजा होत असे. ह्याच प्रश्नावर एप्रिल १९२८ मध्यें सार्वत्रिक संप झाला. सुमारें दीड लाख कामगार त्यांत होते आणि तो ऑक्टोबरपर्यंत चालला. ना. म. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, अर्जुन आळवे हीं नांवें त्या संपामुळें घरोघर पोहोंचलीं, आणि त्याच संपांत गिरणी कामगार युनियन उभी राहिली. संपानंतर सर चार्ल्स फॉसेट ह्यांच्या समितीनें मागांच्या संख्येचा व पगाराचा सविस्तर विचार केला. परंतु त्या वजा झालेल्या तिसऱ्या विणकरानें कोठें जावें, हें पुढेंहि अनिर्णितच राहिलें. पुढें जागतिक मंदी आली, पगार कापले गेले, १९३३ व १९३४ मध्यें अनेक गिरण्या बंद पडल्या. एप्रिल १९३४ मध्यें पुन्हां संप झाला आणि त्याच सालीं मुंबई सरकारच्या मजूर कचेरीला गिरण्यांतील पगार व बेकारी ह्या विषयावर स्वतंत्र अहवाल काढावा लागला.

काम गेलें तर दुसऱ्या खात्यांत जावें, असें सांगणें सोपें होतें. पण प्रत्येकाला प्रत्येक खात्याचें दार उघडें नव्हतें. विणकाम हें चांगल्या पगाराचें खातें. धोट्याच्या छिद्रांतून धागा तोंडानें ओढून काढावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना तेथें येऊं देण्यास सवर्ण विणकर तयार नसत. कमी पगाराच्या कताईच्या खात्यांतच त्यांना राहावें लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ च्या संपाच्या वेळीं हा प्रश्न जाहीरपणें पुढें मांडला होता. धंद्यांत समता नसेल तर धंदा बुडतांना होणारें नुकसानहि समान वांटलें जात नाहीं, हें त्यांतून दिसून आलें.

बायकांची स्थिति ह्याहून वेगळी नव्हती. १९२० नंतरच्या काळांत मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारें पांचवा हिस्सा स्त्रिया होत्या, आणि त्या बहुतेक सर्व बाबिणी भरण्याच्या व सूत उकलण्याच्या खात्यांत होत्या. नवीं यंत्रें प्रथम ह्याच खात्यांत आलीं. स्त्रियांच्या रात्रपाळीस कायद्यानें बंदी होती, आणि १९२९ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यानें बाळंतपणाच्या भत्त्याचा भार मालकावर पडला. बाईऐवजीं पुरुष ठेवणें मालकाला सोयीचें झालें, आणि स्त्रियांचें प्रमाण पुढील दशकांत उतरतच गेलें. काढलेल्या बाईला विणकामांत घेण्याची चाल नव्हती. तिच्यापुढें मोलमजुरी, भाजीची पाटी किंवा खाणावळ, एवढेच मार्ग उरत.

खाणावळीचा उल्लेख येथें विशेष केला पाहिजे. हजारों कामगार बायकामुलें गांवीं ठेवून एकटे राहत. त्यांना दोन वेळ जेवूं घालणाऱ्या बायका चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलींत चुलीपुढें बसून गिरणगांव चालवीत होत्या. पैसे महिन्याच्या पगारावर मिळत; संप झाला कीं ते थकत, आणि तरीहि ताट वाढलें जाई. प्रत्येक मोठ्या संपाला अन्न पुरविणाऱ्या ह्या स्त्रियांची धंद्याच्या कोणत्याहि पटावर नोंद नव्हती. १९७५ सालीं प्रेमा पुरव ह्यांनीं ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन करून त्यांना संघटित केलें आणि बँकांचें कर्ज मिळवून दिलें, तेव्हां सावकाराच्या व्याजांतून त्यांतल्या कित्येक सुटल्या.

दुसऱ्या महायुद्धांत गिरण्या तिन्ही पाळ्या चालल्या आणि त्यानंतर कायद्यांचा काळ सुरू झाला. १९४६ च्या औद्योगिक संबंधांच्या कायद्यानें धंद्यांत एकाच प्रतिनिधि-संघटनेला बोलणीं करण्याचा अधिकार दिला. मुंबईच्या कापडधंद्यांत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे आला. १९५० सालीं बदली व बेकार कामगारांची सरकारी नोंद करून त्या नोंदींतून गिरण्यांना माणसें पुरविण्याची योजना मुंबईंत लागू झाली. १९५३ सालीं औद्योगिक कलहाच्या कायद्यांत महत्त्वाची भर पडली. काम नसल्यामुळें तात्पुरतें घरीं बसविलेल्या कामगाराला ठराविक मुदतीपर्यंत निम्मा पगार व निम्मा महागाई भत्ता मिळावा. कायमचें काढल्यास नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागें पंधरा दिवसांचा पगार द्यावा. जो शेवटीं आला त्याला प्रथम काढावें. आणि पुन्हां भरती करतांना काढलेल्यांना आधीं बोलवावें, असे नियम झाले. कामगाराच्या बाजूनें ही मोठीच मजल होती. तथापि घरीं बसविण्याच्या भरपाईंतून बदली कामगाराला वगळण्यांत आलें. जो मुळांत दुसऱ्याच्या जागेवर आहे त्याला ‘बसविलें’ असें कसें म्हणावें, हा कायद्याचा युक्तिवाद तर्काला धरून होता. वर्षभर सलग काम केलें म्हणजे बदलीपण सुटे; परंतु त्याचे दिवस भरूं द्यावयाचे कीं नाहीं, हें पुष्कळसें त्याला काम देणाऱ्याच्याच हातीं राही.

ह्याच असंतोषाची एक धार पुढें १९८२ च्या संपांत दिसली. पगारवाढीच्या आणि १९४६ चा कायदा रद्द करण्याच्या मागणीबरोबरच बदल्यांना कायम करा, ही त्यांतील एक मागणी होती. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. मान्यताप्राप्त संघटना दुसरी असल्यामुळें सामंतांशीं बोलणीं करावयास सरकार व मालक तयार झाले नाहींत. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर निघूं लागलें. संप रीतसर मागें असा कधींच घेतला गेला नाहीं. तो महिन्यामागून महिने विरत गेला. ऑक्टोबर १९८३ मध्यें केंद्र सरकारनें मुंबईच्या तेरा गिरण्यांचा कारभार ताब्यांत घेतला. गिरण्या पुन्हां सुरू झाल्या त्या थोड्या माणसांवर. लाखाच्या घरांत कामगार दरवाज्याबाहेरच राहिले.

बेकारीचे जुने सारे उपाय ह्या वेळीं एकदम निकामी झाले. एक गिरणी बंद पडली असती तर भाऊबंद दुसऱ्या गिरणींत शब्द टाकूं शकले असते. परंतु शब्द टाकणारे आणि ज्यांच्यासाठीं तो टाकावयाचा ते, सर्वच एका वेळीं बेकार झाले होते. गांवीं जावें तर गांवच मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगत होतें. जमिनीचे वांटे इतके लहान झाले होते कीं पहिल्या हंगामानंतर परतलेल्या मुलाला पोसणें घराला जड झालें. कसबाचें म्हणावें तर मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या विणकराला ठाणें-बेलापूरच्या रासायनिक कारखान्यांत किंमत नव्हती. तेथें तरुण आणि प्रमाणपत्र असलेला मुलगा हवा होता. त्याचें कसब भिवंडींत चाले, परंतु तेथें पाळी बारा तासांची, मजुरी नगावर, आणि नांव कोठेंच नोंदलेलें नाहीं. तेथें जाणारा कायम कामगार पुन्हां आजोबांच्या काळांतला बदली होत असे. इतरांनीं भाजीची किंवा वडापावची गाडी लावली, टॅक्सी चालविली, रंगाऱ्याच्या हाताखालीं काम धरलें, इमारतींच्या दारावर रखवालदारी केली. घरांतल्या बायकांनीं पोळ्या लाटल्या, मसाले कुटले, धुणींभांडीं केलीं. संसार चालले, पण निवृत्तिवेतन, विमा, रजा ह्या तीन पिढ्यांनीं झगडून मिळविलेल्या गोष्टी त्या संसारांतून गेल्या.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें नव्हे. १९८६ सालीं कापड कामगारांसाठीं पुनर्वसन निधि निघाला. कायमच्या बंद पडलेल्या गिरणीच्या पात्र कामगाराला त्यांतून पहिल्या वर्षीं पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षीं ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षीं २५ टक्के साहाय्य मिळे. तीन वर्षांत माणूस दुसऱ्या कामास लागेल, ही त्यामागची कल्पना. परंतु तें दुसरें काम कोठें आहे, हें निधीला ठाऊक नव्हतें. १९९२ सालीं राष्ट्रीय नूतनीकरण निधि स्थापन झाला. कामगारांना नवें शिक्षण देणें हा त्याचा एक उद्देश होता, पण पैशांचा मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यांतच खर्ची पडला.

ह्या ठिकाणीं शंभर वर्षांपूर्वींचें एक उदाहरण आठवतें. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धानें मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांना कोट्यवधि रुपये मिळवून दिले; त्याच युद्धानें कापूस अडल्यामुळें इंग्लंडांत लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. तेव्हां ब्रिटिश पार्लमेंटनें १८६३ सालीं कायदा करून तेथील नगरसंस्थांना कर्जें दिलीं आणि गटारें, रस्ते, उद्यानें ह्यांचीं कामें काढून बेकार गिरणी कामगारांना त्यांवर लावलें. सूत हाताळणाऱ्याच्या हातीं कुदळ देणें हें सुखाचें नव्हतें, आणि सर्वांना तें काम मिळालेंहि नाहीं. परंतु साहाय्याबरोबर काम निर्माण करण्याची जबाबदारी कोणीतरी घेतली होती. महाराष्ट्रालाहि ही कल्पना परकी नव्हती. ह्या राज्यानें रोजगार हमीचा कायदा केला तो १९७७ सालीं, म्हणजे संपाच्या पांच वर्षें आधीं. पण ती हमी ग्रामीण भागापुरती होती. लालबागच्या बेकार कामगाराला काम मागण्याचा तो हक्क शहरांत राहून बजावतां येत नव्हता.

दुसराहि एक मार्ग ह्याच शहरानें शोधलेला होता. रोज नव्या व्यापाऱ्याचा माल वाहणाऱ्या हमालाला मालक असा एक नसतो. अण्णासाहेब पाटील ह्यांच्या चळवळीनंतर १९६९ सालीं माथाडी कायदा झाला. त्यानें हमालाचें नांव व्यापाऱ्याच्या वहीऐवजीं मंडळाच्या वहींत घातलें. व्यापारी मजुरीबरोबर ठराविक आकार मंडळांत भरतो आणि मंडळ त्यांतून भविष्यनिर्वाह निधि, रजा, वैद्यकीय मदत ह्यांची सोय करतें. १९८१ सालीं खासगी रखवालदारांसाठींहि तसाच कायदा झाला. गिरणी बुडाली तरी कामगार नोंदीवरून पुसला जाणार नाहीं, अशी एखादी संबंध धंद्याची नोंदवही करणें अशक्य नव्हतें, हें ह्यावरून कळून येतें. १९५० ची योजना त्या दिशेनें निघाली होती. परंतु तिची नजर गिरणीला माणूस पुरविण्याकडे होती, माणसाला धंद्याबाहेरचें काम पुरविण्याकडे नव्हती.

पुढें प्रश्न कामावरून जमिनीवर गेला. मुंबईच्या गिरण्यांखालीं सुमारें सहाशें एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियमावलींत तिचे तीन वांटे सांगितले होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठीं, एक सरकारी घरबांधणीसाठीं आणि एक मालकाला, असे ते वांटे होते. २००१ सालीं नियम बदलून ही वांटणी मुळांत मोकळ्या असलेल्या जागेपुरतीच ठेवली गेली, आणि त्यामुळें पहिले दोन वांटे फार लहान झाले. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा बदल मान्य केला. त्याआधीं, २००५ सालीं, दादरच्या कोहिनूर गिरणीची जमीन ४२१ कोटींना आणि लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाईल गिरणीची ७०२ कोटींना विकली गेली. ज्या आवारांत हजारों माणसें तीन पाळ्यांत काम करीत तेथें दुकानें, कचेऱ्या आणि उंच मनोरे उभे राहिले. कामगारांच्या मुलांना त्यांत काम मिळालें, तेंहि पुष्कळदां कंत्राटी पहाऱ्याचें, साफसफाईचें किंवा दुकानांतल्या मदतनिसाचें.

मॉडर्न मिलमधील कामगार दत्ता इस्वलकर ह्यांनीं १९८९ सालीं सहकाऱ्यांसह बंद गिरणी कामगार संघर्ष समिति उभारली. आरंभीं मागणी होती ती गिरण्या पुन्हां चालू करण्याची. दहा-पंधरा वर्षांत ती आशा मावळली आणि मागणी घराची झाली. काम देतां येत नसेल तर ज्या जमिनीची किंमत आमच्या श्रमानें वाढली तिच्यांत डोईवर छप्पर तरी द्या, असें तिचें स्वरूप होतें. त्या लढ्याला फळ आलें. जून २०१२ मध्यें म्हाडानें गिरणी कामगारांसाठीं ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. अर्जदार दीड लाखाच्या आसपास होते.

ह्या घरासाठीं अट एकच महत्त्वाची होती. १ जानेवारी १९८२ रोजीं किंवा त्यानंतर अर्जदाराचें किंवा त्याच्या वडिलांचें नांव गिरणीच्या पटावर असलें पाहिजे. मग कोंकणांत आणि घाटावर, चाळींतल्या पोटमाळ्यांवर, तीस वर्षांपूर्वींच्या लोखंडी ट्रंका उघडल्या गेल्या. गिरणीचें तिकीट, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, विम्याचें कार्ड अशा पिवळ्या पडलेल्या कागदांना अकस्मात् मोल आलें. कित्येक कामगार तोंवर वारले होते. त्यांच्या विधवा आणि मुलें ते कागद घेऊन रांगेंत उभीं राहिलीं. ज्यांनीं कागद जपले ते पात्र ठरले. ज्यांचे कागद पुरांत गेले, खोली विकतांना हरवले, किंवा ज्यांच्या नांवाचा कागद मुळांत कोणी केलाच नव्हता, त्यांना आपण गिरणींत राबलों हें सिद्ध करणें दुष्कर झालें.

धंदे बुडतात आणि पुढेंहि बुडतील. लँकेशायरचा धंदा मुंबईनें खाल्ला, मुंबईचा भिवंडीनें, आणि भिवंडीचेहि माग थांबतात. तो क्रम कोणा एकाच्या हातांत नाहीं. माणसाची नोंद कोणाच्या वहींत ठेवावयाची, हें मात्र समाजाच्या हातांत असतें. ती नोंद केवळ मालकाच्या वहींत राहिली, तर कारखान्याला कुलूप लागतांच माणूसहि त्या वहीबरोबर कुलुपांत जातो. माथाड्यांनीं ती वही मालकाच्या घरांतून बाहेर काढली. गिरणी कामगारांना तें वेळेवर साधलें नाहीं. आणि लालबागच्या खाणावळवाल्या बायकांना तर अर्ज करण्याचाहि प्रश्न आला नाहीं. कोणत्या कामगाराचे किती महिन्यांचे पैसे थकले होते, हें त्यांतल्या कित्येकींना वर्षानुवर्षें तोंडपाठ होतें. पण त्यांचें स्वतःचें नांव विचारावयास कोणी आलें नाहीं.